मागच्या खोलीतला मासा

बाबा वेंगुर्ल्याचे. प्रशासनाच्या कचेरीत नोकरी लागली म्हणून सिल्वासाला आले आणि इथलेच झाले. दमणगंगा त्यांना आवडायची. रविवारी राखोलीच्या बाजूला नदीवर जाऊन ते नुसते बसून राहायचे. पण परतताना एकदा म्हणाले होते, "नदी सारखी कुठेतरी निघालेली असते. समुद्र कसा, घरीच असतो."

म्हणून त्यांनी समुद्र घरी आणला. आमच्या सरकारी क्वार्टरच्या हॉलमध्ये काचेची मोठी टाकी बसवली. ओळखीच्या माणसाच्या जीपमधून दमणच्या किनाऱ्यावरून पाण्याचे कॅन आणले. तिकडचं पाणी गढूळ. ते पिंपात निवळत ठेवायचं, मग आईच्या जुन्या सुती साडीतून गाळायचं. घरभर एक खारट, ओलसर वास असायचा. शाळेतून आल्यावर चपला काढतानाच तो यायचा आणि मला उगाच झोप आल्यासारखं वाटायचं.

मासे मुंबईहून यायचे, हवा भरलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत. पहिले काही छान रुळले. मग बाबांनी फुलपाखरासारखा एक पिवळा मासा आणला. आई सरकारी इस्पितळात नर्स होती. तिने पिशवी उजेडात धरून पाहिली.

"आधी वेगळा ठेवा," ती म्हणाली. "कुठून आलाय, काय घेऊन आलाय, कुणास ठाऊक."

"अगं, एवढा प्रवास करून आलाय. पाहुण्याला दारातच उभं करायचं?"

"आमच्याकडे करतात. नवा पेशंट तापाचा असला की आधी बाजूच्या वॉर्डात."

बाबा हसले आणि पिवळा मासा टाकीत सोडला. तो इतका सुंदर होता की आईसुद्धा ओट्यावरचं काम सोडून बघत राहिली.

थोड्याच दिवसांत तो दगडांना अंग घासू लागला. मग त्याच्या पंखांवर पांढरे ठिपके दिसले, कुणी बारीक मीठ शिंपडावं तसे. मग ते सगळ्यांच्या अंगावर आले. मासे वर येऊन धापा टाकायचे. एकेक करून सगळे गेले. बाबांनी अंगणात जास्वंदीखाली खड्डा केला आणि त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी आई फक्त एवढंच म्हणाली, "आता टाकी काही आठवडे तशीच राहू दे. मासाच मिळाला नाही तर रोग कुणावर जगणार?"

तो काळ मला अजून स्वप्नासारखा दिसतो. मासे नसलेली टाकी, पण पंप चालू. बाबा कचेरीतून आले की टाकीचा दिवा लावायचे. आम्ही तिघं चहा पीत त्या रिकाम्या, उजळलेल्या पाण्याकडे बघत बसायचो. बुडबुडे वर जायचे, दगडांवरचं शेवाळ हलायचं. कुणी आलं की विचारायचं, "मासे कुठेत?" बाबा सांगायचे, "यायचेत."

मग निळे मासे आले, बोटाच्या पेराएवढे. या वेळी आईने मागच्या छोट्या खोलीत वेगळी टाकी मांडून ठेवली होती. निळे मासे तिथे राहिले, त्यांना काही झालं नाही, आणि ते हॉलमध्ये आले. बाबांना तेवढंच पुरलं. "बघ, उगाच कोंडलं त्यांना."

"काही निघालं नाही, हे कळलं ना? त्यासाठीच ठेवलं होतं."

यानंतर आला तो नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचा एकटा मासा. तोही मागच्या खोलीत गेला. बाबांना ते सहन होईना. "एकटा झुरेल गं तो. रोगाने नाही, एकटेपणाने मरेल."

त्याच आठवड्यात मला कांजिण्या आल्या.

मी आठवीत होते. आईला लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या होत्या, बाबांना नव्हत्या. त्यामुळे माझं अंथरूण मागच्या खोलीत घातलं गेलं आणि बाबांना खोलीत यायची बंदी झाली. ते अंगणातून खिडकीशी येऊन, चांगलं हातभर लांब उभे राहून बोलायचे.

खोलीला हिरवा पडदा होता. दुपारचं ऊन त्यातून आलं की भिंती, अंथरूण, माझे हात, सगळं पाण्याखाली गेल्यासारखं दिसायचं. तापात पंपाची घरघर कधी जवळ यायची, कधी लांब जायची. टाकीत माशाला लपायला आईने कान तुटलेला एक कप आडवा ठेवला होता; मासा त्यातच राहायचा. मी कूस बदलली की तोही बाहेर येऊन काचेपाशी थांबायचा. आम्ही एकमेकांकडे बघत राहायचो. बघता बघता मला झोप लागायची; जाग यायची तेव्हा तो तिथेच असायचा. शाळा, मैत्रिणी, आमलीतलं सायकलचं दुकान, ते सगळं कुठल्या तरी दुसऱ्या गावात राहिलं होतं.

"एकटं वाटतं का गं?" बाबांनी खिडकीतून विचारलं.

"मासा आहे ना."

"आणि त्याला?"

मी त्याच्याकडे पाहिलं. "त्याचं माहीत नाही. पण तो खातोय."

एका सकाळी तो कपातून बाहेर आला तेव्हा मला त्याच्या कल्ल्यामागे काहीतरी दिसलं. बाबा खिडकीशी आल्यावर मी म्हणाले, "बाबा, त्याला पांढरे ठिपके आलेत."

ते एक पाऊल पुढे आले, परत मागे सरले. मग म्हणाले, "नीट बघ. बुडबुडे असतील."

"बुडबुडे नाहीत. हलत नाहीत ते."

"आईला हाक मार."

आईने इस्पितळातल्या औषधं देणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून मोरचूद अगदी काटेकोर तोलून आणलं. मासे विकणाऱ्याने सांगितलं होतं तेवढंच, थेंबाथेंबाने पाण्यात घातलं. सकाळी मला कडुलिंबाच्या पाण्याने पुसायचं आणि मग माशाचं थोडं पाणी बदलायचं, हा तिचा क्रम. बाबा खिडकीतून बघायचे. एकदा हलकेच म्हणाले, "हा हॉलमध्ये गेला असता तर ते निळे..."

"नाही ना गेला," आई म्हणाली. हातातला कप तिने परत पाण्यात ठेवला.

माझ्या खपल्या पडल्या तेव्हा त्याचे ठिपकेही गेले होते. पण आईने त्याला आणखी कितीतरी दिवस सोडलं नाही. मी शाळेत जाऊ लागले, तो मागेच राहिला. आता त्याला एकटं वाटत असेल म्हणून मी अभ्यासाला तिथेच बसायचे. बाबाही पेपर घेऊन यायचे. खोलीत पाण्याचा आवाज असायचा आणि मधूनच पेपर उलटल्याचा.

शेवटी बाबांनीच त्याला वाडग्यात घेऊन हॉलमध्ये नेलं. सोडण्यापूर्वी त्यांनी आईकडे पाहिलं. तिने मान हलवली. मासा खाली गेला, मोठ्या दगडाआड शिरला आणि दिवसभर दिसलाच नाही. संध्याकाळी निळे मासे त्या दगडापाशी घुटमळू लागले. मग नारिंगी तोंड थोडंसं बाहेर आलं.