कार्डावरची कुसुम

"फायब्रॉइड आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. म्हणजे गर्भाशयातली गाठ. कॅन्सरची नव्हती, पण अंगावरून रक्त इतकं जायचं की अंगात काही उरलंच नव्हतं. "ऑपरेशन लवकर करायला हवं. उशीर केलात तर जिवावर बेतेल."

बंगळुरात पीण्यातल्या कारखान्यात मी लग्नाआधीपासून कामाला. पगारातून विम्याचे पैसे कापले जायचे, म्हणून कामगारांच्या सरकारी इस्पितळात उपचार फुकट. खाजगीत जायची आमची ऐपत कुठली?

भरती व्हायच्या दिवशी सासूबाई बरोबर आल्या. मला चक्कर येत होती, म्हणून मी बाकावर टेकले आणि माझं विम्याचं कार्ड घेऊन त्या खिडकीपाशी गेल्या. कारकुनाने कार्ड बघून विचारलं, "अक्का, कुसुम कोण?"

"आमच्या घरात कुसुम कुणी नाही," सासूबाई ठणकावून म्हणाल्या. "ही माझी सून, सुनंदा."

झालं! लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने माझं नाव सुनंदा लिहिलं आणि कुसुम माहेरीच राहिली. कार्डावर मात्र अजून तीच होती. मी उठून परोपरीने सांगितलं, पण कारकुनाला वाटलं, दुसरीचंच कार्ड चालवतायत. "कारखान्याचं पत्र आणा." कारखान्यात म्हणाले, साहेब गावाला गेलेत. आता सांगा, साहेब येईपर्यंत बाईने रक्त थांबवून धरायचं का?

मी कामावर जातच राहिले आणि एके दिवशी मशीनपाशीच कोसळले. बरोबरच्या बायकांनी रिक्षात घालून इस्पितळात नेलं. पुन्हा तीच खिडकी, तोच प्रश्न. तेवढ्यात डॉक्टरीणबाई बाहेर आल्या नि कारकुनावर कडाडल्या, "आधी हिला रक्त चढवू दे. नाव मागाहून बघू, सरी? कळलं ना?" त्या माउलीमुळे मी आज आहे.

हिस्टरेक्टमी झाली, म्हणजे गर्भाशयच काढून टाकलं. शुद्धीवर येताना नर्स हाका मारत होती, "कुसुम, ए कुसुम!" किती वर्षांनी ऐकलं! मला रडूच फुटलं.

दुसऱ्या दिवशी वॉर्डाच्या दारात आयाने सासूबाईंना अडवलं. "कुणाला भेटायचंय?" मी खाटेवरून ऐकत होते. त्या जरा घुटमळल्या.

"कुसुमला," म्हणाल्या. "माझी सून ती."

बायांनो, कार्डावर तुमचं कुठलं नाव आहे, ते घरच्यांना आधीच सांगून ठेवा गं.

पुढे धाकट्या दिराचं लग्न झालं. तांदळाचं ताट समोर आलं आणि दीर अंगठी घेऊन बायकोचं नवं नाव लिहायला वाकला. सासूबाईंनी त्याचा हात धरला.

"थांब रे. कामाला जाते ती. तिचं आहे तेच लिही."