दार पूर्ण उघडण्याइतकी जागा

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांपर्यंत माझं कशातच लक्ष लागत नाही. लॅबमध्ये पाण्याचे नमुने समोर मांडलेले असतात, हातात मोजे चढवलेले असतात आणि डोळा मोबाइलवर असतो. प्रबोधचा एका शब्दाचा मेसेज यायचा असतो: "उतरलो." तो आला की मी कामाला लागते. 'पोचलो' नव्हे, 'उतरलो'. सिंगापुरात बुकित पंजांगच्या घरापासून जुरोंग ईस्टच्या ऑफिसपर्यंत गाडी चालवत जाणं माझ्या नवऱ्याला मुळीच कठीण नाही. कठीण आहे ते गाडीतून बाहेर पडणं.

प्रबोध सत्तावन्न वर्षांचा आहे. दीड वर्षाचा असताना नागपुरात त्याला पोलिओ झाला आणि डावा पाय कामातून गेला. मग शिक्षण, नोकरी, लग्न, सिंगापूर, सगळं त्याने उजव्या पायाच्या जिवावर केलं. ऑटोमॅटिक गाडीला डावा पाय लागतच नाही, त्यामुळे गाडी तो माझ्यापेक्षा चांगली चालवतो आणि हे मला आठवड्यातून एकदा ऐकवतो. पण चार वर्षांपासून उजवा पायही थकायला लागला. डॉक्टर म्हणाले, लहानपणी पोलिओ झालेल्या पुष्कळ माणसांचं या वयात असं होतं. आता उतरायचं म्हणजे आधी गाडीचं दार पूर्ण उघडायचं, उजवा पाय बाहेर टाकायचा, मग डावा पाय कॅलिपरच्या लोखंडी पट्ट्यांसकट दोन्ही हातांनी उचलून बाहेर ठेवायचा आणि दाराला धरून उभं राहायचं. शेजारी दुसरी गाडी लागलेली असली की दार वीतभर उघडतं. वीतभर फटीतून पंचविशीतली पोरं निघतात, प्रबोध नाही.

म्हणून तो साडेसातलाच घर सोडतो. ऑफिसच्या पार्किंगमध्ये भिंतीकडेला एक कोपऱ्याची जागा आहे, ती मिळवायची आणि बाकीच्या गाड्या यायच्या आत उतरून, दोन पायऱ्या चढून आत जायचं. जूनमध्ये एकदा ती जागा गेली. त्याने दुसरीकडे गाडी लावली. मागच्या सीटवरची बॅग घेऊन, पाय सरळ करून उतरायची तयारी करेपर्यंत शेजारी एक मोठी व्हॅन येऊन चिकटली. आठ दहा झाले, साडेआठ झाले, मेसेज नाही. मी फोन केला तर उचलला नाही. माझ्या हातून दोन नमुने चुकीच्या रॅकमध्ये गेले. नऊ पन्नासला मेसेज आला, "उतरलो." नंतर कळलं, व्हॅन जाईपर्यंत हा गृहस्थ गाडीतच बसून होता. नऊची मीटिंगही त्याने तिथूनच, कॅमेरा बंद ठेवून केली. फोन उचलला नाही कारण मीटिंग चालू होती म्हणे!

जुलैपासून ऑफिसला आठवड्यातून चार दिवस जाणं सक्तीचं झालं आणि एका रविवारी चहा पिता पिता तो म्हणाला, "सोडून द्यावी म्हणतो नोकरी." हे तो अगदी सहज म्हणाला, जुने बूट टाकून द्यावेत म्हणतो तसं. ज्या माणसाने आजवर पायाच्या कारणाने एक दिवस रजा घेतली नाही, तो पार्किंगपायी नोकरी सोडणार होता. आणि त्याच पार्किंगमध्ये, लिफ्टच्या अगदी दारात, दोन ऐसपैस जागा निळ्या व्हीलचेअरचं चित्र घेऊन दिवसभर रिकाम्या पडलेल्या असतात. तिथे गाडी लावायला फक्त काचेवर एक लेबल हवं.

लेबल घे, असं मी दोन वर्षं सांगत होते. तो म्हणायचा, "ते अपंगांसाठी असतं." आता याला काय म्हणावं?

त्याची चालण्याची पद्धत तुम्हाला सांगायला हवी. पोलिओचा पाय टाकताना गुडघा मोडू नये म्हणून पुष्कळ लोक मांडीवर हात दाबून चालतात. प्रबोधने कॉलेजात असताना यावर एक उपाय काढला. शिंप्याकडून पँटचा डावा खिसा मांडीच्या मध्यापर्यंत खोल शिवून घ्यायचा आणि हात खिशात घालून आतून मांडी दाबायची. बघणाऱ्याला वाटतं, काय ऐटीत चाललाय. मलाही तसंच वाटलं होतं. नागपूरच्या कॉलेजात मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मैत्रिणीला म्हणाले होते, याला शिष्टपणा फार आहे.

माझे सासरे बाबूराव रेल्वेत फिटर होते. युनियनच्या मोर्चात सगळ्यांत पुढे असत. हक्काचं असेल ते खिडकीत उभं राहून, नियम दाखवून, भांडून घ्यायचं हे त्यांनी मुलाला शिकवलं. पण पायाची गोष्ट निघाली की तोच माणूस गप्प व्हायचा. वस्तीतल्या लोकांनी "बिचारा" म्हटलं की तो शब्द त्यांना शिवीसारखा झोंबायचा. अपंगांसाठी असलेला बसचा पास त्यांनी मुलाला कधी काढू दिला नाही. प्रबोधने वडिलांचं दोन्ही घेतलं. फ्लॅटच्या कागदात एक चूक निघाली तर हा तीन महिने पत्रं लिहील, पण स्वतःच्या पायाबद्दल एक ओळ लिहिणार नाही.

शेवटी आमच्या मुलीने, एकताने, ऑनलाइन अर्ज उघडला. ती पुंगोलला राहते, शनिवारी जेवायला येते. "पप्पा, जस्ट अप्लाय लाह. सो पैसेह, एम्प्टी लॉट अँड यू सिटिंग इन द कार." पैसेह म्हणजे इथल्या बोलीत लाजिरवाणं. मग तिने नियम वाचून दाखवले. लेबलं दोन प्रकारची. एक स्वतः गाडी चालवणाऱ्या अपंग माणसासाठी, दुसरं अपंग माणसाला ने-आण करणाऱ्या गाडीसाठी, आणि त्या दुसऱ्यावर गाडी थोडाच वेळ लावता येते. आपल्याला पहिलं हवं. पण नुसतं लंगडणं पुरत नाही. व्हीलचेअर, वॉकर असं काहीतरी मोठं साधन वापरावं लागत असलं पाहिजे, त्यामुळे चढता-उतरताना जास्त जागा लागते असं डॉक्टरने किंवा थेरपिस्टने तपासून लिहून द्यायला हवं.

"वॉकर आहे की आपल्याकडे," मी म्हणाले.

वॉकर होता. डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी घ्यायला लावला होता. बेडरूमच्या दारामागे उभा असे आणि त्यावर प्रबोधचे इस्त्रीचे शर्ट असत.

तपासणीची तारीख ऑगस्टमध्ये मिळाली. त्याआधीचा आठवडाभर प्रबोध ऑफिसातून आल्यावर आमच्या ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत फेऱ्या मारत होता. मला वाटलं, पायाला व्यायाम. तपासणीच्या दिवशी त्याने निळा शर्ट घातला, बूट चमकवले, आणि थेरपिस्टने "चालून दाखवा" म्हटल्यावर हात खिशात घालून खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत असा चालला की आमच्या लग्नातही तसा चालला नव्हता. तो त्या फेऱ्यांमध्ये सराव करत होता! आयुष्यभर ज्या ज्या मेडिकलला गेला तिथे त्याला एकच गोष्ट सिद्ध करायची होती, की मला काही झालेलं नाही. परीक्षा म्हटली की हा पहिलाच येणार.

"वा, अंकल, व्हेरी गुड लाह!" ती थेरपिस्ट मुलगी म्हणाली. पठ्ठ्या खूश झाला.

तीन आठवड्यांनी नकार आला. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की मी त्याला चार दिवस ऐकवत होते. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना, फोनवर एकताला सांगताना, त्याला ऐकू जाईल इतक्या आवाजात. "मोर! नुसता मोर! लेबल मागायला गेला आणि परेड करून आला." पाचव्या दिवशी मी फेरतपासणी मागण्यासाठी कागद काढून बसले, तेव्हा थेरपिस्टच्या अहवालाची प्रत नीट वाचली. खाली एक ओळ होती. पत्नीच्या सांगण्यानुसार, घरात सर्व हालचाली स्वतंत्रपणे, साधनाशिवाय.

मी ती ओळ तीनदा वाचली. हो, मी सांगितलं होतं. थेरपिस्टने विचारलं, "आंटी, घरात ते काय वापरतात?" आणि मी तत्परतेने म्हणाले होते, "काही नाही. ही डज एव्हरीथिंग हिमसेल्फ." अठ्ठावीस वर्षं नातेवाइकांना, शेजाऱ्यांना, त्याच्या साहेबांना हेच सांगत आले. ते तोंडातून आपोआप बाहेर पडतं. मोर तो एकटाच नव्हता.

आणि ते खोटं होतं. डोळ्यांनी दिसेल तेवढंच लिहायचं, हा माझ्या नोकरीचा नियम. मग इथेही लिहिते. प्रबोध रोज पहाटे पाचला उठतो. कॅलिपर चढवायला दहा-बारा मिनिटं लागतात, आणि आताशा बाथरूमला तेवढा वेळ थांबता येत नाही. कॅलिपरशिवाय तो आधाराविना उभा राहू शकत नाही. मग तो पलंगावरून खाली उतरतो आणि दोन्ही हातांवर, पाय मागे ओढत, फरशीवरून जातो. वॉकर दारामागेच असतो, पण तो घेत नाही, कारण लाद्यांवर तो वाजतो आणि मी जागी होईन. मी जागीच असते. पहिल्या दिवशी पाहिलं, मग पुन्हा नाही. तळव्यांचा आवाज येतो, जरा थांबतो, पुन्हा येतो. मी भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून, झोपलेल्या माणसासारखा श्वास घेत पडून राहते. तो परत येतो, कॅलिपर बांधतो, आणि मी उठते तेव्हा हात खिशात घालून चहाचं आधण ठेवत असतो.

त्याला वाटतं, मला माहीत नाही. त्याचं हे वाटणं मोडायची माझी हिंमत झाली नाही. खरं सांगायचं तर मला ते बघायचंही नव्हतं.

फेरतपासणी परवाच्या मंगळवारी होती. त्याआधीचे दहा दिवस मी घरात नुसती येरझाऱ्या घालत होते. सांगावं तर त्याचा अपमान, न सांगावं तर नोकरी जाणार. नोकरी गेली तर तो घरी बसणार आणि घरी बसलेला प्रबोध मला डोळ्यांसमोर आणता येत नव्हता. त्याच्याशी आधी बोलावं असं रोज ठरवलं. रोज जेवायला बसलो की मी मीठ कमी झालंय का विचारलं.

मंगळवारी निघताना त्याने वॉकरवरचे शर्ट काढून पलंगावर ठेवले आणि वॉकर डिकीत टाकला. मला बरं वाटलं. पण क्लिनिकला उतरल्यावर तो डिकीकडे वळलाच नाही. हात खिशात. थेरपिस्ट तीच होती. तिने विचारलं, "अंकल, वॉकर?"

"गाडीत आहे. कधी लागला तर असावा म्हणून."

मला तिथल्या तिथे ओरडावंसं वाटलं. तिने या वेळी चालून दाखवायला सांगितलं नाही. ती म्हणाली, "सकाळी उठल्यावर, ब्रेस घालायच्या आधी, टॉयलेटला कसे जाता?"

"आय मॅनेज."

"मॅनेज हाउ?"

त्याने पँटची इस्त्री हाताने सारखी केली. मग तिने माझ्याकडे पाहिलं. तोंडावर तेच जुनं उत्तर आलं होतं, अगदी ओठांपर्यंत.

"तो जमिनीवरून जातो," मी इंग्रजीत म्हणाले. "हातांवर. रोज. वॉकर वाजतो म्हणून घेत नाही. त्याला वाटतं मी झोपलेली असते."

कीबोर्डवर तिची बोटं थांबली आणि मग भराभर चालायला लागली. "आंटी, फॉर्म हेच तर विचारतोय," ती म्हणाली. "मागच्या वेळी का नाही सांगितलं? आता मी लिहू शकते. पण अंकल, वॉकर गाडीत नको. हातात हवा."

प्रबोधने मान हलवली. मग सावकाश खुर्ची वळवून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता हा माझ्याशी कधी बोलणार नाही.

"तू जागी असतेस?" त्याने मराठीत विचारलं.

"हो."

"कधीपासून?"

"जयंतीपासून. चौदा एप्रिलपासून."

तो बोटांवर महिने मोजतोय असं मला वाटलं.

"मग दिवा तरी लावायचास ना, नंदा," तो म्हणाला. "अंधारात रोज त्या टेबलाच्या पायावर खांदा आपटतो माझा."

थेरपिस्ट टाइप करता करता थांबली. "काय म्हणाले अंकल?" तिने विचारलं. मी तिला इंग्रजीत सांगायला तोंड उघडलं आणि पर्समध्ये रुमाल शोधायला लागले. शेवटी त्यानेच सांगितलं.