खडूचा शेवटचा तुकडा

आमच्या नागपूरच्या शाळेत रसायन शिकवणारे मास्तर सुपारीऐवजी खडू खायचे. वडाभातावर फोडणीचं तेल ओतून हाणायचं आणि पित्त उसळलं की फळ्यावर लिहिता लिहिता तुकडा तोंडात टाकायचा. मग दणदणीत ढेकर. "आम्लाले खडू भेटला की वायू निघते. ऐकलं काय गा?" मी शेजारच्या वर्गात मराठी शिकवायचो, ऐकायला तर मलाही यायचं.

तपासणीला डेपुटी साहेब आले, तेव्हा हेडमास्तरांनी त्यांना आधी वडाभातच वाढला. मग साहेबांनी वर्गात खडूवर आम्ल टाकून दाखवायला सांगितलं. शाळेची ग्रँट त्यांच्या शेऱ्यावर होती, आणि मास्तरांच्या खिशात एकच तुकडा उरला होता. बाकीचे त्यांनीच संपवलेले. त्यांनी पेल्यात आम्ल ओतलं, तोच साहेब छाती चोळत खुर्चीत बसले. घशाशी आलं होतं.

मास्तरांनी पेल्याकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं आणि तुकडा साहेबांच्या हातावर ठेवला. "चावा, साहेब."

साहेबांनी मुकाट्यानं चावला.

"अहो, प्रयोग काहून थांबवला?" हेडमास्तर घाबरून कुजबुजले.

"थांबला कुठं? होऊन राहिला न!" मास्तर म्हणाले, आणि सगळा वर्ग श्वास रोखून साहेबांच्या ढेकराची वाट पाहू लागला.