जिपार घोड्यावर का बसत नाही

माझ्या धाकट्या जावेला ‘ट्रकची राणी’ हे नाव मीच ठेवलं. हे आधीच कबूल करून टाकते, नाहीतर पुढचं ऐकताना मी फार शहाणी वाटेन. दर उन्हाळ्यात आम्ही सगळे जनावरं घेऊन वर जायलूवर, डोंगरातल्या कुरणात राहायला जातो, तेव्हा बायका घोड्यांवर असतात आणि चूल, संदुका, लोकरीचे नमदे ट्रकमधून जातात. जिपार सामानाबरोबर जायची. नमद्यांच्या ढिगावर एका कुशीवर कलंडून. मी घोड्यावरून ओरडायचे, “राणीसाहेब, आणखी एक उशी पाठवू का?” सगळ्या खिदळायच्या. तीही हसायची.

आणि ही कुणाची मुलगी? पलीकडच्या खोऱ्यात सगळ्यात चांगले घोडे ज्याच्याकडे होते, त्याची. वसंतातल्या जत्रेत आमच्याकडे पोरगा पोरीचा घोड्यावरून पाठलाग करतो; गाठली तर मुका, नाही गाठली तर परतीच्या वाटेवर ती चाबूक घेऊन त्याच्या मागे. माझा दीर उलारबेक त्या वर्षी तीन वेळा तिच्यामागे धावला आणि तिन्ही वेळा पाठीवर वळ घेऊन आला. रात्री पाठीला लोणी चोळून घेताना आईला म्हणाला, “हीच करायची.” अशी ती जिपार. दुसऱ्या मुलीनंतर तिने खोगिराला पाय लावणं सोडलं, तेव्हा आम्ही म्हणालो, चढला हिला ताठा. दुखणं असेल असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. आमच्याकडे पाय मोडलेला माणूससुद्धा घोड्यावर बसूनच हिंडतो.

दुखणं काय होतं ते मला फार उशिरा कळलं, पण इथेच सांगते. बाईच्या लाजेच्या जागची कातडी पांढरी पडत गेली होती, कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ. आधी खाज. मग चिरा. लघवीला बसली की निखारा ठेवल्यासारखी आग, म्हणून ती पाणी प्यायची नाही. आम्ही बायका मांडी दुमडून जमिनीवर बसतो, तिला ते नको व्हायचं. घोडीची धार काढायला एक गुडघा टेकून दुसरा उभा करायचा, त्यावर बादली, तेही दिवसातून सहा वेळा. प्रत्येक वेळी काहीतरी फाटायचं. रात्री नवऱ्याने हात लावला की तिचं अंग लाकूड व्हायचं. शेवटी तिने धाकटीला दोघांच्या मधे झोपवायला सुरुवात केली. उलारबेकने विचारलं नाही, हिने सांगितलं नाही.

सांगणार कुणाला? गावातल्या दवाखान्यातली नर्स आमच्या सासूची मावसबहीण. तिच्या कानात सकाळी पडलेलं संध्याकाळी दुकानात पोचतं. म्हणून जिपारने घरच्या घरी सुरू केलं. जांभळ्या औषधाच्या पाण्यात बसायची. सोडा लावायची. कपडे धुवायच्या साबणाने दिवसातून दोनदा घासायची, कारण लाज वाटली की माणसाला आपण घाणेरडेच आहोत असं वाटतं. घासलं की आणखी फाटायचं. मेंढीच्या शेपटीची चरबी वितळवून लावली तर तेवढा आराम पडायचा. मला वाटायचं, चरबी कमी का होतेय, ही चोरून खातेय की काय. तेही मी एकदा बोलून दाखवलं.

तालुक्याच्या गावी गेली, बाजाराचं निमित्त करून. तिथल्या डॉक्टरने तीन वेळा बुरशीच्या गोळ्या दिल्या. चौथ्या खेपेला चष्म्यावरून बघत म्हणाला, “नवरा बाहेर कुठे जातो का?” झालं. पुढचं वर्षभर ही उलारबेकचे सदरे हुंगत होती. तो बिचारा दिवसभर मेंढ्यांमागे, बाहेर जायला त्याला जागा तरी होती का?

गेल्या हिवाळ्यात चुलत भावाच्या लग्नाला ती राजधानीला, बिश्केकला गेली आणि तिथे एका म्हाताऱ्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं. बाईंनी दोन मिनिटं बघितलं आणि रोगाचं लांबलचक नाव कागदावर लिहून दिलं. म्हणाल्या, “हा कुणाकडून येत नाही, कुणाला लागत नाही. तुझं काही चुकलेलं नाही. जन्मभर राहील, पण हे मलम लावत गेलीस तर गप्प राहील. मधूनमधून दाखवायला ये. आणि साबण बंद.” त्या रोगाला नाव आहे एवढ्यावरच जिपार तिथे ढसाढसा रडली.

मग मलम घ्यायला गेली. दुकानातल्या बाईने ट्यूब हातात देता देता सांगितलं, “हार्मोनचं आहे हं. आठवड्याच्या वर लावलंस तर दाढी फुटेल.” जिपारने आठ दिवस लावलं. त्यातल्या शेवटच्या तीन रात्री ती सहा वर्षांनी सलग झोपली. नवव्या दिवशी आरशात हनुवटी निरखून पाहिली आणि ट्यूब संदुकीच्या तळाशी टाकली. दुखणं परत आलं.

यंदा निघायच्या तीन आठवडे आधी बातमी आली, वरच्या वाटेवरचा पूल वाहून गेला. ट्रक जाणार नाही. सामान घोड्यांवर लादायचं आणि माणसांनीही घोड्यांवरच जायचं. आम्ही अंगणात लोकर झोडपत होतो.

“मी चालत येईन,” जिपार म्हणाली.

“चालत? नऊ तासांची वाट आहे,” मी म्हणाले. “पाय काय भाड्याने आणलेस?”

“चालेन मी.”

आपांच्या हातातली काठी थांबली. आपा म्हणजे आमची सासू. सुनांनी सासूचं नाव घ्यायचं नसतं, म्हणून इथेही घेत नाही. त्यांनी जिपारकडे नीट पाहिलं. “घोड्यावर नको म्हणतेस?”

“नको, आपा.” आणि तिने मान खाली घातली. चेहरा लालेलाल.

आमच्याकडे सून घोड्याला नाही म्हणून लाजली की त्याचा एकच अर्थ लावतात. आपांनी काठी टाकली, तिचं डोकं छातीशी धरलं. “अगं पोरी, मला आधी नाही का सांगायचं! सात वर्षांनी! या खेपेला मुलगाच बघ.” दुपारपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं. मीही तिच्या गालाचा मुका घेतला, खोटं कशाला बोलू, मनापासून घेतला.

मग काय, कौतुकाला सीमा नाही. पोटुशीला जे खावंसं वाटेल ते मिळालंच पाहिजे, नाहीतर पाप लागतं. आपा दिवसभर विचारायच्या, काय आणू, काय करू. शेवटी पिच्छा सुटावा म्हणून ती कलिंगड म्हणाली. अजून कलिंगडाचे दिवस नव्हते. उलारबेक शेजाऱ्याची गाडी मागून शहरात गेला आणि रात्री उशिरा एवढंसं कलिंगड छातीशी धरून आला. तिच्या घशाखाली एक फोड उतरेना. आम्ही म्हणालो, पहिले महिने आहेत, असंच व्हायचं.

निघालो त्या दिवशी ती खरोखरच चालली. घोडीचा लगाम हातात धरून, पाय थोडे फाकवून. मी मागे राहिले होते तिच्या सोबतीला. आपांचा हुकूमच होता. ओढ्याशी पोचलो तर पुढचे सगळे पार होऊन गेलेले. मी घोडा पाण्यात घातला, पलीकडे गेले, मागे वळून बघते तर ही नाही. धारेच्या कडेला, जिथे पाणी संथ होतं, तिथे कमरेइतक्या पाण्यात उभी. वरचं बर्फ वितळून येणारं पाणी ते, घोडेसुद्धा त्यात पाय घालताना फुरफुरतात. हिचे डोळे मिटलेले, आणि चेहरा असा निवांत की तसा मी तिचा लग्नानंतर पाहिला नव्हता.

“जिपार! वेड लागलं का गं? पोटातल्या जिवाला गारठवून मारशील!”

तिने डोळे उघडले नाहीत. “पोटात काही नाही, जाऊबाई.”

“काय?”

“काहीच नाही. थोडा वेळ मला इथे राहू द्या. आत्ता दुखत नाहीये.”

मी परत आले, तिला ओढून काठावर बसवायला गेले तर ती बसेना, उभीच राहिली. मग उभ्याउभ्याच तिने सगळं सांगितलं. सलवारीच्या आतल्या बाजूला रक्ताचे डाग होते, तेही दाखवले.

मला आधी राग आला. मी अशीच आहे. “अगं पण एवढं खोटं? म्हातारी आनंदाने पागल झालीय!”

“मी कुठे बोलले? तुम्हीच सगळ्या बोललात,” ती म्हणाली. “आणि मी नाही म्हणाले नाही, कारण तीन आठवडे मला कुणी बस म्हणालं नाही, जाऊबाई. पड म्हणाले. घोडीची धार काढू नको म्हणाले. आपांनी यांनाही बाहेरच्या खोलीत झोपवलं. सहा वर्षांत असे तीन आठवडे मला मिळाले नव्हते.”

त्या उशीच्या, त्या चरबीच्या सगळ्या थट्टा माझ्याच तोंडावर आल्यासारख्या वाटल्या. मला रडू फुटलं, आणि उलट तिलाच माझी समजूत काढावी लागली.

“ते मलम कुठाय?” मी नाक पुसत विचारलं.

“संदुकीत. पण दाढी...”

“ती दुकानदारीण काय डॉक्टर आहे? आणि आली दाढी तर मी भादरून देईन, मेंढ्यांची कातर आहेच. आजपासून लावायचं.”

ती हसली. मग गंभीर होऊन म्हणाली, “आपा उद्या मेंढी कापणार आहेत. मुलगा मागायला. सगळ्यांना बोलावलंय. खोट्या पोटावर दुआ कशी घेऊ?”

“मी सांगते आपांना. आज संध्याकाळीच,” मी म्हणाले.

साऱ्या जायलूवर माझ्या जिभेला भितात. त्या संध्याकाळी मी चार वेळा आपांजवळ गेले. “आपा...” “काय गं?” “चहा देऊ?” तीन वेळा चहा दिला. चौथ्यांदा त्या म्हणाल्या, “मला बुडवायचा विचार आहे का?” आणि मी परत आले. जिपारने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि काय ते ओळखलं.

दुसऱ्या दिवशी आमच्या तंबूत आजूबाजूच्या पाच तंबूंतल्या बायका जमल्या. पिठाचे बोरसोक तळलेले, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचे, कुमिसचे वाडगे भरलेले. दाराशी उलारबेक पांढरी मेंढी धरून उभा होता. आधी दुआ, मग सुरी, अशी आमची रीत. जिपारला मानाच्या जागी बसवलं होतं, सात गाद्यांवर. ती घामाने थबथबली होती. आपांनी दोन्ही हात उघडले. आम्ही सगळ्यांनी उघडले.

“आपा, मुलगा मागू नका,” जिपार उठून उभी राहिली. “पोटात काही नाही.”

कुणाचा तरी गुडघा लागून वाडगा कलंडला. आपा म्हणाल्या, “पडलं का गं?”

“नव्हतंच.”

“मग घोड्यावर...”

“मला बसता येत नाही, आपा. खाली, बाईच्या जागी, कातडी फाटते. सहा वर्षं झाली. रोग आहे तो, डॉक्टरीणबाईंनी नाव लिहून दिलंय. मी घाणेरडी नाही. यांचाही काही दोष नाही.” दाराकडे न बघता तिने उलारबेककडे हात केला. “मी तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. मेंढी सोडून द्या.”

मी उलारबेककडे पाहिलं. बायकोला आपण नकोसे झालो असं इतकी वर्षं मनात धरून बसलेला तो माणूस. मेंढीची लोकर त्याने दोन्ही मुठींत गच्च धरली होती.

आपांचा चेहरा तापलेल्या तव्यासारखा झाला होता. ओगराळं फेकून मारायच्या आधी त्यांचा चेहरा असाच होतो. पण हात उघडेच होते. दुआसाठी उघडलेले हात आमच्याकडे रिकामे मिटत नाहीत, मोठा अपशकुन तो. काहीतरी मागावंच लागतं. आपा आपल्याच हातांकडे बघत बसल्या.

“माझ्या सुनेला,” त्या म्हणाल्या आणि थांबल्या. “माझ्या सुनेला बसता येऊ दे. जमिनीवर, खोगिरावर, नवऱ्याशेजारी. न दुखता बसता येऊ दे. ओमीन.”

“ओमीन,” आम्ही म्हणालो आणि तोंडावरून हात फिरवले. आपांनी जिपारकडे पाहिलंही नाही. राग गेला नव्हता. पुढचे दहा दिवस त्या तिच्याशी बोलल्या नाहीत. “काप,” एवढंच आपा उलारबेकला म्हणाल्या.

तो वाकला, तेवढ्यात दाराजवळून आवाज आला. “थांब.” शेवटच्या तंबूतली कालिपा म्हातारी. वय पंचाहत्तरच्या पुढे, नऊ मुलांची आई. तिने तोंडावरून हात फिरवले नव्हते, ते तसेच उघडे होते.

“परत म्हण,” ती आपांना म्हणाली.

“म्हटली ना एकदा. परत कशाला?”

“म्हण गं. या खेपेला फक्त तुझ्या सुनेपुरती नको.”

आपांनी तिच्याकडे पाहिलं, आणि मग पुन्हा हात उघडले. त्यांच्या आधी आणखी दोघींनी उघडले होते, आणि त्यातल्या एकीचं गेल्या वर्षीच लग्न झालं होतं.