कडू न लागलेला कागद

लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी कामिनीचं नाक जे चोंदलं, ते पुढे कधी धड मोकळं झालंच नाही. कपाळ ठणकायचं, घशात कफ उतरायचा. हळूहळू फोडणीचा वासही येईनासा झाला. दोनदा ऑपरेशन झालं, तरी वर्षाच्या आत पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

तिचा नवरा धर्मेंद्र, इतवारी बाजारातला भांड्यांचा दुकानदार, चारचौघांत म्हणायचा, "ऐकतच नाही ना! कूलरसमोर झोपते, दही खाते, मग भोगते." कामिनीनं दही सोडलं, संत्री सोडली, भर मे महिन्यात कूलरविना घामात झोपली. नाक वाहतच राहिलं. तिच्या घोरण्याला कंटाळून तो बाहेरच्या खोलीत झोपू लागला.

यंदा तिची थोरली बहीण यमुताई तिला सदर भागातल्या एका नव्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी दोघींच्या जिभेवर एकेक कागदाची पट्टी ठेवली. कामिनीला नुसता कागद लागला. यमुताई मात्र लगेच रुमालात थुंकली. "बाप्पा! कडूजहर!"

"पण कारलं तर मले कडूच लागते," कामिनी म्हणाली.

"तो कडूपणा वेगळा," बाई म्हणाल्या. "कडू ओळखणारे पहारेकरी जिभेवर असतात, तसे नाकाच्या आतही असतात. काही जंतूंचा कडूपणा त्यांना कळतो, मग नाक जंतूंना मारतं, बाहेर ढकलतं. तुमच्यातला एक पहारेकरी जन्मापासून झोपलेला दिसतो. दुखण्याचं हे एकच कारण असेल असं नाही, आणि त्याला जागं करायचं औषधही अजून नाही. ऑपरेशन पुन्हा करावं लागेल. पण हे आईवडिलांकडून आलेलं असतं."

"म्हणजे माही चूक नाही?"

"नाही हो."

कामिनी तिथेच खुर्चीत रडली.

निघताना तिनं लेकीसाठी एक पट्टी मागून घेतली. घरी मिनलनं ती चाटली आणि धावत जाऊन चूळ भरली. कामिनीचा जीव भांड्यात पडला. धर्मेंद्र मात्र सगळं ऐकून गंभीर झाला.

"आईबापाकडून येते म्हणते? बाहेर बोलू नको वं हे. पोरीचं लग्न जमून राहिलं."

"तिले तर कडू लागलं ना!"

"लोक इतकं ऐकत नाही."

"मग इतकी वर्षं मले काहून बोलत होते तुम्ही?"

त्यानं चपला पायात सरकवल्या आणि तो दुकानात निघून गेला.

रविवारी कामठीहून पाहुणे आले. मुलाच्या आईनं मायेनं विचारलं, "सर्दी झाली वाटते तुम्हाले?"

कामिनी तोंड उघडणार, तोच धर्मेंद्र म्हणाला, "कालच पावसात भिजली."

मिनल आईकडे बघत राहिली.

"हो, कालच," कामिनी म्हणाली आणि पोहे वाढायला उठली.

स्थळ जमलं. ऑपरेशनचं लग्नानंतर बघू, असं मिनलच्या बाप-काकांनी बैठकीत ठरवलं. कामिनी आत भांडी आवरत होती. तिला कुणी विचारलं नाही.