रामाजीच्या घरची डाळ

तर काल कुठवर आलो होतो? हं, रामाजी ताडकन उठला आणि म्हणाला, "माह्या घरी डाळ लोण्यावानी शिजते! या बाईले काढा, दुसरी ठेवा."

शाळेची बैठक होती. पोरांच्या वरणात डाळ टणकच राहत होती आणि स्वयंपाक करणारी सुमित्राबाई दाराशी डोळे पुसत उभी. नवरा गेल्यापासून तिचं घर त्या शाळेच्या चुलीवरच चालतं.

तेव्हा नागसेन सर बोलले. त्यांचा बाप हिंगणघाटला कापसाच्या जिनिंगात मजूर. हा शिकला, मास्तर झाला, केळझरजवळच्या आमच्या गावाला फटफटीवर येतो. काहीही विचारा, हसून म्हणणार, "मंग पाहाचं कसं?" आमच्या वेळी गुरुजींना 'काऊन', म्हणजे 'का', विचारलं की हातावर छडी बसे. इथे 'काऊन' विचारलं की सर खडूच हातात देतात.

"काढाच्या आधी पोरायले पाहू द्या," सर म्हणाले. "शनिवारपर्यंत."

फळ्यावर अंदाज लिहिले गेले. सगळ्यात वर, डाळ जुनी. मग लाकूड ओलं, झाकण नीट नाही. पोरांनी घरून मूठमूठ नवी डाळ आणली. टणक. वाळली लाकडं लावली, झाकणावर दगड ठेवला. तरी टणक! सुमित्राबाईने तर भांड्यात बघायचंच सोडलं.

शेवटी माझी नात मोनाली थेट रामाजीच्या ओसरीवर. "आजा, तुमच्या घरची डाळ काऊन शिजते?"

"आमची सून हुशार हाये!"

"अन् पाणी कोणतं?"

"आमच्या विहिरीचं. आणखी कोणतं?"

पोरगी धावतच शाळेत आली. आधी सुमित्राबाई त्याच विहिरीवरून पाण्याचा गुंड डोक्यावर भरून आणायची. मग शाळेत बोअर झाली. आम्हीच नारळ फोडला, थंडगार पाणी पिऊन वाहवा केली. त्या पाण्यावर कोण संशय घेणार? पोरांनी एकाच डाळीचे दोन गंज चुलीवर चढवले, एकात बोअरचं पाणी, एकात विहिरीचं. विहिरीच्या पाण्यातली डाळ बोटाने दाबली तर पीठ! बोअरचं पाणी क्षाराचं, जड. त्यात डाळ शिजत नव्हती.

शनिवारी रामाजी खाली मान घालून म्हणाला, "पाणी माह्या विहिरीचं घ्या. पाइप मी टाकून देतो." सुमित्राबाई राहिली. त्या दिवशी तिने पोरांना आग्रह करकरून वरण वाढलं.

मी तुरीच्या ओल्या शेंगांची पिशवी घेऊन सरांकडे गेलो. म्हटलं, "सर, बाईची चूल राह्यली अन् माही नात विचाराले शिकली. तुमचे उपकार हायेत. पण खरं सांगा, पाण्याचं तुमाले पयल्याच दिवशी ठाऊक होतं ना?"

सर शेंगा सोलता सोलता हसले.

"नाई आबाजी. फळ्यावर सगळ्यात वर लिहिलं होतं ना, डाळ जुनी? तो अंदाज माहाच होता."