टॉवेलाची हळद

ज्या मुलीला मी नववीत इंग्रजीत नापास केलं होतं, ती गेल्या वर्षी माझ्याकडे इंग्रजी पत्र घेऊन आली. ही गोष्ट तुम्हा दोघा मुलांना फोनवर सांगायची राहून गेली. म्हणून लिहून ठेवते.

आता ती पन्नाशीची आहे. घरात तेलुगू, माझ्याशी मराठी. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत तिचा टॉवेलांचा छोटा कारखाना आहे. नवरा माग सांभाळतो, गिऱ्हाइकांशी बोलणं हिच्याकडे. त्या वेळी पोर्तुगालमधल्या एका हॉटेलवालीला तिनं पहिल्यांदाच परदेशी माल पाठवला होता. आणि माल पोचल्यावर आठवड्यात तक्रार आली, की टॉवेल पाणीच टिपत नाहीत, सगळा माल परत पाठवते.

"बाई, माल परत आला तर अर्धे माग बंद करावे लागतील," ती दारातूनच म्हणाली. "आठ बायका हायेत शिलाईला. त्यांना काय सांगू?"

"टॉवेल खराब आहेत का?"

"न्हाय वो! नवा टॉवेल असाच असतो की. वरची कांजी दोन-तीन धुण्यांत निघते, मग सूत उघडतं."

मग तिनं मोबाइलवर लिहून ठेवलेलं उत्तर मला वाचून दाखवलं. "न्यू टॉवेल इज न्यू डॉटर-इन-लॉ. टिल टर्मरिक गोज, नो वर्क. गिव्ह थ्री बाथ, देन सी."

आपल्याकडे नव्या सुनेला अंगाची हळद उतरेपर्यंत कामाला लावत नाहीत, ते तिनं टॉवेलाला लावलं होतं. मला हसू आलं, पण मी ते आवरलं आणि शिक्षिकेच्या आवाजात म्हटलं, "असं पाठवू नकोस. व्यापाराचं पत्र आहे."

मी टेबलाशी बसले. कच्चा मसुदा, मग पक्का. शोषणक्षमता, प्रक्रियेनंतरचा थर, धुण्याच्या सूचना, सगळं क्रमानं आलं. चार परिच्छेद, एकही चूक नाही. ते वाचून ती म्हणाली, "लई भारी, बाई." पण तोंड पडलेलं होतं. मला वाटलं, आपल्या चुका कळल्या म्हणून.

तिनं ते पाठवलं. दुसऱ्या दिवशी हॉटेलवालीचं उत्तर आलं. दोनच ओळी. पत्र मिळालं, माल शुक्रवारी परत निघेल.

ती पुन्हा आली तेव्हा बसली नाही. "बाई, राग मानू नका. मी माझं पाठवते."

"अगं, ती हसेल."

"हसू द्या की. हसली म्हणजे वाचलं तरी. तुमचं पत्र तिनं शेवटपर्यंत वाचलंच नसंल. मलाच दोनदा वाचायला लागलं."

मला ते लागलं. तीस वर्षं मी मुलांच्या वह्यांतून असली वाक्यं लाल शाईनं खोडत आले होते. हिच्याही वहीत खोडली असणार. पण माझं पत्र हरलं होतं. तिनं माझ्यासमोर, माझ्याच सोफ्याच्या कडेशी उभं राहून आपलं हळदीचं उत्तर पाठवलं.

दोन दिवस काही नाही. गुरुवारी दुपारी ती रिक्षा करून आली, घामानं निथळत. मोबाइल माझ्या हातात दिला. त्या बाईनं चार टॉवेल हॉटेलात तीन-तीनदा धुतले होते. तिचंही इंग्रजी आपल्यासारखंच शिकून घेतलेलं. तिनं लिहिलं होतं, "टर्मरिक फिनिश. शी वर्क व्हेरी गुड. आय कीप ऑल." खाली एक प्रश्न होता: आमच्याकडे सासू पहिल्या दिवशीच कामाला लावते, तुमच्याकडे खरंच थांबतात का?

आम्ही दोघी इतक्या हसलो की शेजारीण डोकावली.

मी मग शांतपणे दोन्ही पत्रं शेजारी ठेवून वाचली. माझ्या पत्रात टॉवेल होता, पण बाई नव्हती, ना पाठवणारी, ना घेणारी. हिच्या तीन तुटक वाक्यांत दोघींचंही घर होतं. मी जे शिकवलं ते चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही, परीक्षेत आजही तिला नापासच केलं असतं. पण परकी भाषा आपल्या हातात आली की आपण तिच्यात आपलं घातलं पाहिजे, हे मी कुणाला शिकवलं नाही. ती ते स्वतःच शिकली.

त्या बाईनं आणखी माल मागवला. प्रत्येक टॉवेलाच्या चिठ्ठीवर तेच वाक्य छापायचं, असंही कळवलं. हिनं चिठ्ठीचा नमुना मला दाखवायला आणला. मी चष्मा लावला. शब्दाला हात लावला नाही. एवढंच म्हटलं, "हळद म्हणजे काय, ते खाली बारीक अक्षरात लिहायचं का? तिकडच्या पाहुण्यांना कळणार नाही."

"नको बाई," ती नमुना परत घेत म्हणाली. "विचारू दे की त्यांना. हॉटेलवालीनं पण विचारलंच की."